कपाटातली बाई, इन द मिक्स

मी कपाटात होते.

हसू नका, आधी ऐका तरी. खरंच कपाटात होते. आमचं लोखंडी कपाट, आईच्या लग्नातलं, आरशावर मोराचं स्टिकर असलेलं. खालचा कप्पा काढून बाहेर ठेवलेला, वर आईच्या साड्या लोंबतायत, त्याखाली मी मांडी घालून बसलेली. दार आतनं ओढून घेतलेलं, दाराच्या फटीवर वाकळ. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात हेडफोनचा माईक, आणि माईकला धाकट्या भावाचा शाळेचा पायमोजा. मे महिना, दुपारचे तीन. आईचा लग्नातला शालू माझ्या घामानं भिजत होता आणि ती वर्षातनं एकदा तो काढून बघायची, त्यामुळं तीही एक धाकधूक.

"यू आर लिसनिंग टू," मी म्हटलं. साधं नाही हां, एकदम घोगरा, ओढून, विमानात सूचना देणाऱ्या बाईसारखा आवाज. "डीजे भूकंप. फ्रॉम गडहिंग्लज. इन द मिक्स."

आणि बरोब्बर त्या "मिक्स"च्या शेपटाला धरून बाहेरच्या सोप्यातनं आवाज आला. तिरी तिरी तिरीरी, टूं.

अप्पा. क्लॅरनेट.

मी कपाळाला हात मारला, तर हँगर डोक्यात.

आता तुम्हाला सगळं पहिल्यापासनं सांगायला पाहिजे. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन रिकामी होते, आणि आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत एकच गाणं वाजत होतं. "लिंबू पिळ गं". हे गाणं म्हणजे मुळात जाहिरात. गडहिंग्लजच्या रस्त्याला पिंटूशेठचं मिसळ सेंटर होतं, त्यानं आपल्या मिसळीसाठी स्वतःच लिहिलं, स्वतःच गायलं, आणि मेहुण्याच्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं. "तर्रीला आला रंग गं साळू, लिंबू पिळ, पिळ, पिळ, लिंबू पिळ." आवाज असा की म्हशीला डास चावलाय. पण ठेका? विचारू नका. महिन्याभरात मिसळ बाजूला राहिली आणि गाणंच चाललं. बारशाला लिंबू पिळ, साखरपुड्याला लिंबू पिळ, एका मंडळानं तर रक्तदान शिबिराला लावलं होतं.

आणि गाणं चाललं की आमच्याकडचे डीजे ते तसंच वाजवत नाहीत. प्रत्येकाचं आपलं मिक्स पाहिजे. हलगी मिक्स निघालं, संबळ मिक्स निघालं, जिमवाल्यांसाठी जिम मिक्स, कुणीतरी जेसीबीच्या रिव्हर्सचा आवाज घालून जेसीबी मिक्स काढलं. आणि मिक्स काढलं की ते दुसऱ्यानं चोरू नये म्हणून त्यात आपलं नाव ओरडून घ्यायचं. गाणं मध्येच थांबतं, चार मात्रा रिकाम्या जातात आणि त्यात एक बाई येऊन सांगते की हे अमक्या डीजेचं आहे. त्याला टॅग म्हणतात.

ती बाई म्हणजे मी.

हे फक्त कुल्फीला माहीत होतं. कुल्फी म्हणजे सुहास चौगुले, आमच्या मागच्या गल्लीतला. बापाचा कुल्फीचा गाडा, म्हणून हा डीजे कुल्फी. पहिल्या मिक्समध्ये त्यानं स्वतःच्या आवाजात टॅग टाकला होता, तो ऐकून लोकांना वाटलं रेडकू अडकलंय. मग आला माझ्याकडं. "तृपे, तू गॅदरिंगला सूत्रसंचालन करायचीस न्हवं? माझं एवढं नाव घे की." मी घेतलं. एका नावाला दोन मलई कुल्फ्या, असा आमचा करार. त्याचं ऐकून भूकंपनं मागितलं, मग बाकीच्यांनी. सगळी मागणी कुल्फीमार्फत. बाई कोण, हे तो कुणाला सांगायचा नाही. "मुंबईची हाय," म्हणायचा.

आणि सांगून चालणारही नव्हतं. कारण माझे अप्पा.

अप्पा म्हणजे भरमा आवळे, जयकिसान ब्रास बँड, कुरणवाडी. आज्ज्यानं काढलेला बँड. एके काळी चौदा माणसं, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झिरमिळ्या. डीजे आले आणि चौदाची पाच झाली. अप्पांचा डीजेवर एवढा राग की रस्त्यात साउंडचा टेम्पो दिसला तर ते शेताच्या बांधावरनं वळसा घालून घरी यायचे. मागच्या साली सख्ख्या भाच्याच्या लग्नात डीजे लावला म्हणून अक्षता हातात घेऊन तसेच परत आले. त्या अक्षता आईनं भातात शिजवल्या. त्या भाच्याशी अप्पा तेव्हापासनं एक शब्द बोलले नव्हते. भाच्याशी ही गत, तर पोटची पोरगी अख्ख्या तालुक्यातल्या डीजेंचा आवाज आहे कळल्यावर माझं काय झालं असतं? ते मारणारे नव्हेत. बोलायचे बंद झाले असते. आमच्या घरात अप्पांशिवाय माझ्याशी कुणी बोलायला रिकामं नसायचं, हो. आई शाळेत पोषण आहार शिजवायला, भाऊ क्रिकेटला.

म्हणून कपाट.

एकदा आम्ही रात्रीचं जेवत होतो आणि बाहेरनं टेम्पो गेला. "डीजे भूकंप, इन द मिक्स." मी मान ताटात घातली.

"ही बाई कोण हाय गं?" अप्पा आईला म्हणाले. "जाईल तिथं हीच. हिला काय घरदार?"

"शिकलेली दिसतीया," आई म्हणाली.

"शिकलीया, पण दम न्हाई. 'मिक्स' म्हनताना धाप लागतीया बघ तिला. छातीतनं वडतीया ती. पोटातनं घ्याय पायजे." असं म्हणून त्यांनी पोटावर थाप मारली आणि मला म्हणाले, "वाढ आमटी."

मी आमटी वाढली. आणि दुसऱ्या दिवशी कपाटात बसून पोटातनं श्वास घेतला. खोटं कशाला सांगू, आवाज एकदम गोल आला. मला वाटलं, चला, नकळत का होईना, फायदा झाला.

त्या बाईवर अप्पांचं रोज काहीतरी चालायचं. "गडहिंग्लजमधला 'ज' खाती ती." मी "ज" सुधारला. "नावाआधी थांबत न्हाई. मानूस जरा थांबला की ऐकणारा कान टवकारतो." मी थांबायला लागले. भूकंपनं कुल्फीकडं निरोप धाडला की मुंबईची बाई आता लई सुधारलीया.

बरं, आता त्या दिवसाकडं या. हँगर डोक्यात. मी ते रेकॉर्डिंग पुसून परत करायला पाहिजे होतं. पण कुल्फी मागच्या दारात उभा, भूकंपला संध्याकाळच्या आत पाहिजे, आणि कपाटात मला चक्कर यायला लागली होती. दिलं तसंच पाठवून. म्हटलं एवढ्या लांबची पिपाणी कुणाला ऐकू जातीय.

दोन दिवसांनी कुल्फी धावत आला.

"तृपे, त्या आवाजामागं काय हाय?"

"काय आसणार?" मी म्हटलं.

"पिपाणीगत काय तरी हाय. भूकंपनं ते कापून काढलं, मोठं केलं आणि पिळ-पिळच्या मागं लावलं. अगं पब्लिक वेडं झालं. परवाच्या हळदीत एक म्हातारा धोतर सोडून नाचला. सगळी विचारायलेत, कुठल्या ॲपमध्ये मिळतंय."

बघा हं, भरमा आवळेंचा क्लॅरनेट दर दुपारी तीन वाजता त्याच्या पुढच्याच गल्लीत वाजत होता. कुल्फी त्या आवाजात लहानाचा मोठा झालेला. पण त्याला ते ओळखू आलं नाही. डीजे लोकांचं असंच असतं, आवाज मोबाईलमधनं आला की तो ॲपमधनंच आला असणार. आणि मी काय सांगणार?

"चायनाचं हाय," मी म्हटलं. "चायना पिपाणी."

त्यानं ते तालुकाभर केलं. पुढच्या आठवड्यात भूकंपनं चायना पिपाणी हुडकायला चाळीस ॲप उतरवून घेतले आणि त्याचा मोबाईल असा बिघडला की कुणालाही फोन लावला तरी आपोआप त्याच्या सासऱ्याला लागायचा. बाकीच्यांनी नाद सोडला आणि कुल्फीमार्फत निरोप धाडला, टॅग पाहिजे तर पिपाणीसकट.

म्हणजे आता बघा माझी गंमत. आधी मी अप्पा कधी थांबतात आणि मी कधी बोलते, यावर टपलेली असायचे. आता अप्पा कधी वाजवतात यावर टपायला लागले. आणि त्यांचंही बरोब्बर जुळायचं. मी "मिक्स" म्हटलं की तिरी तिरी तिरीरी, टूं. तीच जागा, तीच पट्टी. मी मनात म्हणायचे, तृपे, नशीब काढलंस. सात मिक्सं निघाली, साती मिक्सांत अप्पा. सगळ्या तालुक्याला नाचवायलेत आणि त्यांना पत्ता नाही, असं मला वाटायचं आणि वाईट वाटायचं आणि हसू पण यायचं.

आणि मग अप्पांनी वाजवायचं बंद केलं.

झालं असं की कुल्फीच्या मोठ्या भावाचं, प्रमोदचं लग्न ठरलं. लग्नाला अर्थातच डीजे, एक नाही पाच, सगळे मित्रच. पण परण्याला, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात त्याला, कुल्फीच्या बापानं, शंकरकाकांनी, बँडच पाहिजे म्हणून हट्ट धरला. त्याच्या स्वतःच्या परण्याला आमच्या आज्ज्यानं वाजवलं होतं. ते स्वतः घरी आले सांगायला.

अप्पा हो म्हणाले. आणि ते गेल्यावर आईला म्हणाले, "एवढा परण्या वाजवतो आणि थांबतो. निपाणीचा मास्तर दोन वर्सं मागं लागलाय क्लॅरनेटसाठी. त्याच्या शाळेतली पोरं तरी वाजवतील. सोमवारी ये म्हनून सांगितलंय."

आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, "अप्पा, असं कसं?"

"कसं म्हंजे? वाजवायचं कुणासाठी, कावळ्यांसाठी?" आणि क्लॅरनेटची पेटी उचलून त्यांनी कपाटात ठेवली. माझ्या कपाटात, खाली, मी बसते त्या जागी.

चार दिवस दुपारचे तीन वाजायचे आणि घर गप्प. मी कपाटात जाऊन पेटी मांडीवर घेऊन बसायचे. बोलायलाच सुचायचं नाही. "यू आर लिसनिंग टू" म्हणायचे आणि पुढं काय, हेच कळायचं नाही.

त्यात कुल्फी नाचत आला. पुण्याच्या एका क्लबमध्ये वाजवणाऱ्या माणसानं लिंबू पिळ ऐकलं होतं, आणि त्याला कुल्फीकडनं क्लब मिक्स पाहिजे होतं. शनिवारपर्यंत. "क्लब, तृपे. तिथं दारात मानूस उभा आसतोय, शिक्का मारून आत सोडत्यात. तिथं माझं नाव वाजनार. फकस्त पिपाणी पायजे. नवी पायजे, ताजी."

"पिपाणी बंद पडलीय," मी म्हटलं.

"चार्जिंगला लाव की."

आता याला काय सांगायचं? पण खरं सांगू, मला कुल्फीच्या क्लबाचं काही नव्हतं. मला ती पेटी कपाटात बघवत नव्हती. मला वाटलं, एकदा जरी उघडली तरी उघडी राहील. मग मी कामाला लागले. आधी म्हटलं, "अप्पा, सदूतात्या म्हणत होते तुमचा दम गेला." सदूतात्या म्हणजे बँडचा मोठा ढोल वाजवणारा, सत्तर वर्षांचा, ऐकायला कमी, कायम एक ठोका मागं. अप्पा म्हणाले, "म्हनू दे. त्याचा तरी कुटं ऱ्हायलाय." झालं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, क्लॅरनेट वापरला नाही तर त्यात झुरळं होतात. ते म्हणाले, "निपाणीचा मास्तर काढंल."

शेवटी शुक्रवारी मी भांडी घासता घासता लिंबू पिळ म्हणायला लागले. मुद्दाम बेसूर. आणि मला मुद्दाम करायला फार कष्ट पडत नाहीत. "पिळ, पिळ, पिळ" इतकं घसरवून म्हटलं की शेजारचं कुत्रं उठून गेलं. अप्पा सोप्यात पेपर वाचत होते. पेपर हलला. मी परत म्हटलं. पेपर घडी झाला.

"अगं बाय, काय तिचा मुडदा पाडालीस," अप्पा म्हणाले. "तिथं कोमल लागतोय. पिळ, पिळ, पिळ. खाली ये."

"असं?" आणि मी अजून वर गेले.

ते उठले. सरळ कपाटाकडं गेले, पेटी काढली, फुंकायची वेताची पत्ती तोंडात घालून भिजवली, कोरडी ती वाजत नाही, आणि क्लॅरनेट जोडून वाजवायला लागले. अख्खं गाणं. पिंटूशेठची मिसळ, तर्री, साळू, सगळं. मी हातातला तवा तसाच टाकून कपाटात. साबणाच्या हातानं मोबाईल चालू केला. बाहेर अप्पा पिळ-पिळपर्यंत आले, आणि थांबले. चार मात्रा थांबले. मी पोटातनं श्वास घेऊन म्हटलं, "डीजे कुल्फी. क्लब मिक्स. इन द मिक्स." आणि तिरी तिरी तिरीरी, टूं.

एकदम झकास. मी आत बसून स्वतःची पाठ थोपटली. आता तुम्ही म्हणाल, अगं बावळट, टेम्पो दिसला की बांधावरनं जाणाऱ्या माणसाला मिक्समधल्या त्या चार मात्रा कशा माहीत? मला नाही सुचलं. खरंच नाही सुचलं. मी कुल्फ्या खात बसले.

वाजवून झाल्यावर त्यांनी पेटी परत बंद केली आणि कपाटात ठेवली. "झालं की समाधान?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, गाण्याबद्दल म्हणतायत.

रविवारी परण्या. सकाळचे अकरा, ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. प्रमोद घोड्यावर, डोळ्यांवर मुंडावळ्या. घोडं लग्नाचं सरावलेलं, पण प्रमोद नाही, त्यामुळं त्याचं तोंड पडलेलं. पुढं अप्पा लाल कोटात. कोट चौदा जणांच्या काळातला, पोटाचं बटण लागत नव्हतं. मागं बाजाचे दोघं, खुळखुळा हलवणारा एक आणि सदूतात्या. आणि सगळ्यात मागं पाचही डीजे, काळे टीशर्ट, पाठीवर आपापली नावं, बँड संपायची वाट बघत. मी बायकांच्यात, हातात पाण्याचा तांब्या.

अप्पांनी देवाचं वाजवलं, मग दोन जुनी वाजवली. पोरं नाचायला तयार नाहीत. एकानं तर जांभई दिली, मी बघितली. चौकात आल्यावर भूकंप ओरडला, "ओ मास्तर, लिंबू पिळ येतंय का?"

सगळे हसले. कुल्फीनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. अप्पांपुढं त्या गाण्याचं नाव घेणं म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय. मला वाटलं आता ते लाल कोट काढून तिथंच ठेवतील आणि घरी जातील, आणि ही त्यांच्या वाजवण्यातली शेवटची गोष्ट असेल. जांभई आणि टिंगल. मी मनात म्हटलं, मारुतीराया, काहीही कर, त्यांना असं जाऊ देऊ नको.

अप्पांनी क्लॅरनेट तोंडातनं काढला. फडक्यानं पत्ती पुसली. भूकंपकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कुठलं मिक्स पायजे?"

मागची पोरं पुढं सरकली.

"हलगी मिक्स, का संबळ?" अप्पा म्हणाले. "जेसीबी मिक्सला मला एक मानूस मागं चालवाय लागंल."

कुणीतरी शिट्टी मारली. भूकंप म्हणाला, "क, कुठलंबी चालंल, काका."

आणि अप्पांनी सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला. पिंटूशेठचं ते म्हशीला डास चावल्यागत गाणं, पण क्लॅरनेटवर असं की तर्री डोळ्यांपुढं आली. पहिल्या कडव्याला पोरं हलली. दुसऱ्याला बायका. घोडं नाचायला लागलं, प्रमोदनं घोड्याची मान मिठीत घेतली. शंकरकाका दोन्ही हात वर करून फिरायला लागले. आणि मग पिळ-पिळच्या मागनं ते आलं. तिरी तिरी तिरीरी, टूं.

भूकंप नाचता नाचता पुतळा झाला.

"आयला," तो म्हणाला. "चायना पिपाणी."

बाकीचे चौघं पण थांबले. कुल्फी क्लॅरनेटकडं बघतोय, मग माझ्याकडं, मग क्लॅरनेटकडं. त्याच्या डोक्यात लहानपणापासनंच्या सगळ्या दुपारी एकदम वाजल्या असाव्यात. "तृपे," तो एवढंच म्हणाला, "चार्जिंगला लाव म्हटलं मी."

अप्पा परत पिळ-पिळला आले. पिळ, पिळ, पिळ. आणि हात वर केला. सगळा बँड थांबला. गल्ली थांबली.

धम्म. सदूतात्या, एक ठोका मागं.

अप्पा वळले. शंभर माणसं सोडून सरळ माझ्याकडं बघत होते. पत्ती ओठांत तशीच, त्यामुळं बोलणं जरा बोबडं.

"बोल की," ते म्हणाले. "चार मात्रा हायत तुझ्या."

माझ्या हातातला तांब्या कलंडला, पाणी पायावर. सगळं एकदम डोक्यात आलं. दम नाही तिला. ज खाती ती. नावाआधी थांबत न्हाई. रोजचे तीन वाजता. तीच जागा, तीच पट्टी. जेवताना त्या बाईला शिव्या घालत नव्हते ते. शिकवणी चालली होती माझी.

"पोटातनं," अप्पा म्हणाले.

पाचही डीजे माझ्याकडं वळले होते. मुंबईची बाई हातात तांब्या घेऊन उभी आहे हे त्यांना कळत होतं, पचत नव्हतं. भूकंपनं मोबाईल वर धरला आणि पाठ सरळ केली. त्याला वाटलं, त्याचंच नाव येणार.

मी तांब्या शेजारच्या काकूच्या हातात दिला. पोटातनं श्वास घेतला.

"यू आर लिसनिंग टू," मी म्हटलं, आणि थांबले. ऐकणारे कान टवकारतात म्हणे. खरंच टवकारले. घोड्याचे पण.

"भरमा आवळे. जयकिसान ब्रास बँड. फ्रॉम कुरणवाडी. इन द मिक्स."

तिरी तिरी तिरीरी, टूं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पण नाचत होते. देवळापर्यंतची दहा मिनिटांची वाट आम्ही दीड तासात गेलो. मुहूर्त टळायला आला म्हणून भटजी स्वतः चौकात आले आणि त्यांनाही एक फेरी मारावी लागली. भूकंपनं सगळं रेकॉर्ड केलं होतं, आणि पुण्याच्या क्लबात शेवटी तेच वाजलं. सदूतात्यांच्या उशिरा पडलेल्या धम्मसकट. तिथल्या माणसाचा कुल्फीला निरोप आला की तो उशिराचा ठोका म्हणजे कमाल, कुणी प्रोग्राम केला?

देवळात प्रमोद पाया पडत होता तेव्हा अप्पा पायरीवर बसून क्लॅरनेटमधलं पाणी झटकत होते. मी शेजारी जाऊन बसले.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पयल्याच दिवशी. अगं, लोखंडी कपाट ते. तुला वाटतंय आत बसलीया, पर ते सगळं घरभर घुमतंय. शेजारचा पांडबा पण ऐकायचा."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं? तुझ्या त्या पोरांनी मला रस्त्यावरनं हाकललं. म्हटलं, दारातनं घेत न्हाईत तर कपाटातनं शिरून बघू." मग जरा थांबून म्हणाले, "तू बोलतीस काळी दोनमधी. बरी पट्टी हाय. जुळवायला तरास पडला न्हाई."

मला रडू यायला लागलं म्हणून मी विचारलं, "आणि क्लॅरनेट? उद्या तो मास्तर येणार न्हवं?"

त्यांनी फडक्यानं क्लॅरनेट पुसून पेटीत ठेवला. पेटीचं कुलूप लावलं आणि उठले.

सोमवारी दुपारी मी नेहमीप्रमाणं कपाटात गेले. दुसरं कुठं जायचं सुचत नव्हतं म्हणून. पेटी तिथं नव्हती. एवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि निपाणीच्या मास्तरांचा आवाज आला. "भरमाण्णा, आलो बघा. द्या."

मी दाराच्या फटीतनं ऐकत होते. श्वाससुद्धा घेतला नाही, पोटातनं पण नाही.

अप्पांचा आवाज बोबडा आला. पत्ती तोंडात होती, भिजायला घातलेली.

"पावनं, बसा जरा. आणि आवाज करू नगासा. पोरगी कपाटात हाय."